डोंगरी ते माहीम: इस्लामचे पंथ पाहत चार दिवस

इस्लाममध्ये शिया आणि सुन्नी असे दोन पंथ असतात, एवढ्या माहितीवर मुंबईत फिरायला निघालं तर पहिल्याच दिवशी गाडी अडते. मशिदीत चौकशी केली तर कोणी 'शाफई' म्हणतो, कोणी 'अहले हदीस'. पुढच्या गल्लीत 'बोहरी', त्याच्या पलीकडे 'खोजा', आणि खोजांतही परत दोन-तीन प्रकार. यातले काही खरे पंथ आहेत, काही कायद्याच्या शाखा, काही विचारधारा आणि काही निव्वळ जाती-जमाती. हा गुंता पायी फिरून सुटावा अशी जागा म्हणजे क्रॉफर्ड मार्केटपासून माझगावपर्यंतचा पट्टा. त्याला शेवटी हाजी अली आणि माहीम जोडले की चार दिवस पुरतात.

निघण्याआधीची तयारी मोजकीच आहे. पूर्ण लांबीचे कपडे, सहज काढता येतील अशी पादत्राणं, डोकं झाकायला ओढणी किंवा रुमाल. प्रवेशाला कुठेच तिकीट नाही. शुक्रवारी साडेबारा ते दोन मशिदी पाहायला जाऊ नये. तेव्हा नमाजींनाच जागा पुरत नाही. सगळ्यांत निवांत वेळ सकाळी नऊ ते साडेअकरा. बायकांनी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी: मुंबईतल्या बऱ्याच हनफी (सुन्नींतली एक कायद्याची शाखा) मशिदींत बायकांच्या नमाजाची सोय नसते, त्यामुळे पाहुण्या बाईलाही दारातून परत पाठवलं जाऊ शकतं. शिया, बोहरी आणि अहले हदीस मशिदींत बायकांची वेगळी जागा सहसा असते.

दिवस पहिला: जामा मशीद आणि मोहम्मद अली रोड

सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटवरून झवेरी बाजाराकडे चालत गेलं की गर्दीत जामा मशीद लागते. १८०२ साली पूर्ण झालेली ही वास्तू एका जुन्या तलावावर उभी आहे. तलाव बुजवला नाही. त्यातून काळ्या दगडाच्या कमानी उठवल्या आणि त्यांवर मशीद पेलली. पाणी अजून आहे, त्यात मासे आणि कासवं आहेत, आणि लोक त्याच्या काठावर बसून वजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचा विधी, करतात.

वजू नीट पाहून घ्यावा, कारण उद्या वेगळा दिसणार आहे. इथे हात कोपरापर्यंत धुतात, डोक्यावरून ओला हात फिरवतात आणि शेवटी पाय घोट्यापर्यंत धुतात. ही सुन्नी पद्धत. शिया पाय धूत नाहीत. ओल्या हाताने पायाच्या वरच्या भागाला पुसतात आणि हात धुताना पाणी कोपराकडून बोटांकडेच सोडतात. दोघांचा आधार कुराणातली एकच आयत आहे. तिच्यातला 'पाय' हा शब्द 'धुवा'शी जोडायचा की 'पुसा'शी, यावर मतभेद.

या मशिदीची व्यवस्था कोकणी मुसलमानांकडे आहे, आणि कोकणी मुसलमान शाफई. उत्तरेकडून आलेले बहुतेक सुन्नी हनफी. सुन्नींचे कायद्याचे असे चार मजहब आहेत: अबू हनीफा (मृत्यू ७६७), मालिक (७९५), शाफई (८२०) आणि अहमद बिन हंबल (८५५) या चार इमामांच्या नावांनी चालणारे. हे चार पंथ नव्हेत. हनफी माणूस शाफई इमामामागे नमाज पढतो, लग्नं होतात, कबरस्तान एक असू शकतं. कोकणात शाफई का, तर इथला इस्लाम येमेन-हद्रमौतच्या अरब व्यापाऱ्यांबरोबर समुद्रातून आला. भटकळ, मलबार आणि पुढे थेट इंडोनेशियापर्यंतचा किनारा म्हणूनच शाफई आहे. दिल्लीकडे तुर्क आणि मध्य आशियातले लोक हनफी मजहब घेऊन आले.

फरक पाहायचा तर नमाजाच्या वेळांचा तक्ता शोधावा, जवळजवळ प्रत्येक मशिदीत लावलेला असतो. त्यात असरच्या म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाला बऱ्याचदा दोन वेळा दिलेल्या असतात: शाफई आणि हनफी. माध्यान्हीची सावली सोडून वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की शाफई असर लागते. हनफी मतात ती दुप्पट व्हावी लागते. मुंबईत हा फरक डिसेंबरात साधारण पाऊण तासाचा, तर जूनमध्ये सव्वा तासाच्या आसपास असतो. दुपारी एका मशिदीतून अजान येते आणि शेजारची गप्प असते, त्यामागे एवढंच कारण.

नमाज चालू असेल तर मागे उभं राहून हात पाहावेत. हनफी पुरुष हात बेंबीखाली बांधतात, शाफई बेंबीच्या वर. शाफई रुकूत (कमरेतून वाकायच्या टप्प्यात) जाताना आणि उठताना पुन्हा हात खांद्यापर्यंत उचलतात, 'आमीन' मोठ्याने म्हणतात आणि फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजात उभ्याने कुनूतची दुआ करतात. हनफी ती दुआ रात्रीच्या वित्र नमाजात करतात. जेवणातही मजहब येतो: शाफई मतात समुद्रातलं जवळपास सगळं हलाल, म्हणून कोकणी घरात खेकडे आणि तिसऱ्या बिनघोर शिजतात. हनफी मतात मासाच तेवढा चालतो. खेकडा नाही, आणि कोळंबीला मासा म्हणायचं की नाही यावर उलेमांचा (धर्मपंडितांचा) वाद अजून मिटलेला नाही.

दुपारनंतर मोहम्मद अली रोडने उत्तरेकडे. मिनारा मशीद मेमन मंडळींची, म्हणजे काठियावाडातून आलेल्या हनफी व्यापाऱ्यांची. इथून पुढे जो फरक समजून घ्यायचा तो हनफींच्या पोटातलाच आहे: देवबंदी आणि बरेलवी. देवबंदची दारुल उलूम १८६६ ची; बरेलीचे अहमद रझा खान १८५६ ते १९२१ या काळातले. दोन्हीकडचा कायदा हनफीच, नमाज शब्दशः सारखी. भांडण आहे ते पैगंबर आणि औलियांबद्दलच्या आदराचं रूप काय असावं यावर. बरेलवी मशिदीत नमाजानंतर लोक उभे राहून सलाम पढतात, अजानमध्ये पैगंबरांचं नाव येताच अंगठ्यांची नखं ओठांना लावून डोळ्यांवर ठेवतात, दर्ग्यावर चादर चढवतात, उरूस करतात. देवबंदी यातलं बरंचसं बिदअत, म्हणजे धर्मात मागाहून घुसवलेलं मानतात. तबलीगी जमात याच देवबंदी वळणाची.

अहले हदीस याहून वेगळे. ते चारांपैकी कोणत्याच इमामाला बांधून घेत नाहीत, थेट कुराण-हदीसवर चालतो म्हणतात. हात छातीवर बांधतात, रमजानमध्ये तरावीहच्या, म्हणजे रात्रीच्या जादा नमाजाच्या, वीसऐवजी आठ रकात (आवर्तनं) पढतात, आणि एका बैठकीत तीनदा उच्चारलेला तलाक एकच धरतात. हनफी कायदा तो तिन्ही धरत असे, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेला वाद त्याच प्रथेचा होता.

रमजानात हा रस्ता खाण्यासाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा यायचं तर खुशाल यावं, पण मशिदी पाहायचा बेत त्या रात्री करू नये.

दिवस दुसरा: मुघल मशीद आणि डोंगरी

भेंडी बाजाराजवळ इमामवाडा रोडवर मुघल मशीद आहे. नाव मुघल असलं तरी मुघल बादशहांशी संबंध नाही. मुंबईत इराण्यांना मुघल म्हणत. शिराझच्या एका व्यापाऱ्याने १८६० मध्ये ती बांधली. दर्शनी भाग निळ्या इराणी फरशांचा, आत झाडं आणि मोठा हौज. रस्त्यावरचा गोंगाट दारातच थांबतो. मुंबईतल्या देखण्या वास्तूंच्या याद्यांत ही का मागे राहते हे कोडंच आहे.

इथले लोक इस्ना अशरी, म्हणजे बारा इमाम मानणारे शिया. जगातल्या मुसलमानांत शिया साधारण दहा ते पंधरा टक्के, आणि त्यांत हेच सर्वांत जास्त. मूळ वाद ६३२ सालचा: पैगंबरांनंतर नेतृत्व कोणाचं? सुन्नींच्या मते ज्येष्ठ साथीदारांनी अबू बक्र यांना निवडलं ते योग्य. शियांच्या मते पैगंबरांनी जावई अली यांना आधीच नेमलं होतं. पण एवढ्यावर थांबलं तर हा वाद गादीचा वाटतो, आणि तिथेच बहुतेकांची समजूत चुकते. सुन्नींचा खलिफा राज्य चालवतो, धर्माचा अर्थ लावणं उलेमांचं काम. शियांचा इमाम मात्र निष्पाप असतो, अल्लाहने नेमलेला असतो आणि कुराणाचा खरा अर्थ त्याच्याकडून येतो. अल्लाह, पैगंबर, कुराण, किबला (नमाजाची दिशा) आणि दिवसाच्या सतरा फर्ज (सक्तीच्या) रकाती दोघांना समान आहेत. इमाम ही कल्पना समान नाही, आणि उद्याचे सगळे फाटे तिच्यातूनच फुटणार आहेत.

आता बारकावे. दारापाशी किंवा कपाटात मातीच्या छोट्या वड्या ठेवलेल्या दिसतील, गोल किंवा चौकोनी, तळहातात मावणाऱ्या. ही सजदागाह. शिया कायद्यात कपाळ जमिनीवर किंवा जमिनीतून उगवलेल्या, पण न खाल्ल्या-नेसल्या जाणाऱ्या वस्तूवर टेकायला हवं. गालिचा चालत नाही. म्हणून करबलाच्या मातीची वडी समोर ठेवून तिच्यावर कपाळ टेकतात. वडीची पूजा होते ही समजूत साफ चुकीची. कुतूहल म्हणून तिला हात लावण्याआधी विचारावं.

नमाजात हात बांधत नाहीत, मोकळे सोडतात. पण मोकळे हात म्हणजे शिया हे समीकरण घट्ट धरू नये: पश्चिम आफ्रिकेतले मालिकी सुन्नीही हात सोडून उभे राहतात. अजान ऐकावी, अली अल्लाहचे वली असल्याची साक्ष आणि 'हय्या अला खैरिल अमल' हे शब्द शिया अजानमध्ये येतात, तर 'अस्सलातु खैरुम मिनन्नौम' हे सुन्नींच्या पहाटेच्या अजानमध्ये. पाच नमाजा तीन वेळांत होतात, जुहरला (दुपार) जोडून असर आणि मगरिबला (सूर्यास्त) जोडून इशा (रात्र). मगरिब सूर्य बुडताच न होता पूर्वेची लाली ओसरल्यावर होते, म्हणजे सुन्नी वेळेनंतर दहा-पंधरा मिनिटांनी. रमजानात एकाच इमारतीत दोन मजल्यांवर दोन वेळांना रोजा सुटतो तो यामुळे.

बारावे इमाम गैबतमध्ये, म्हणजे दृष्टीआड आहेत, ८७४ पासून. ते येईपर्यंत रोजच्या प्रश्नांना उत्तर कोणी द्यायचं? इराकमधल्या नजफ किंवा इराणमधल्या कुमच्या मोठ्या मुजतहिदांनी, म्हणजे धर्मकायद्याचा अर्थ लावणाऱ्या विद्वानांनी. सामान्य शिया त्यांपैकी एकाला मरजा मानून त्याच्या फतव्याप्रमाणे चालतो. वर्षाचा खर्च भागून उरलेल्या बचतीचा पाचवा हिस्सा, खुम्स, याच व्यवस्थेत जातो. सुन्नींत अशी बांधलेली श्रेणी नाही. तिथे अडीच टक्के जकात माणूस थेट गरजूला देतो. खाण्यात शियांना खवल्यांचाच मासा चालतो, मुशी नाही. कोळंबी मात्र अपवाद म्हणून चालते.

डोंगरीत पायी फिरताना इमामवाडे दिसतात. इमामवाडा म्हणजे मशीद नव्हे. तिथे मजलिस होते, करबलाची कथा सांगितली जाते, मरसिया आणि नोहे ही शोकगीतं म्हटली जातात. इसवी सन ६८० मध्ये १० मुहर्रमला अलींचे पुत्र हुसैन करबलात मारले गेले, त्याचा हा शोक. महाराष्ट्रात गावोगावी ताबूत आणि पंजे बसतात, अनेक ठिकाणी हिंदू घरांकडे त्यांचा मान असतो, म्हणून मुहर्रम हा सण असावा असं अनेकांना वाटतं. डोंगरीत कोणाला 'मुहर्रम मुबारक' म्हणू नये. सुन्नी आशुऱ्याला रोजा धरतात. शिया दुपारपर्यंत उपाशी राहतात पण त्याला रोजा म्हणत नाहीत. जुलूस पाहायचाच असेल तर साधे काळे कपडे घालावेत, कडेला उभं राहावं, सबीलवर (फुकट पाणी-सरबताच्या ठेल्यावर) मिळालेलं सरबत नाकारू नये आणि छाती पिटून मातम करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखू नये. चांद्र पंचांगामुळे तारीख दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०२६ चा आशुरा जूनच्या अखेरीस आहे, म्हणजे पावसात.

दिवस तिसरा: भेंडी बाजार आणि माझगाव

या सफरीतला सगळ्यांत भरगच्च दिवस. सहावे इमाम जाफर सादिक ७६५ मध्ये वारले. एका गटाने त्यांचा मुलगा मूसा काझिम यांना मानलं, ते कालचे इस्ना अशरी. दुसऱ्याने थोरला मुलगा इस्माईल याची शाखा मानली, ते इस्माईली. इस्माईलींनी पुढे इजिप्तमध्ये फातिमी खिलाफत चालवली, कैरो शहर वसवलं. १०९४ मध्ये खलिफा मुस्तन्सिर गेल्यावर पुन्हा फाटा: निजार की मुस्तअली? निजारचे अनुयायी इराणच्या डोंगरांतून फिरत अखेर आगाखान या पदवीच्या इमामांना मानणारे खोजे झाले. मुस्तअलीच्या शाखेतला एकविसावा इमाम तय्यब दृष्टीआड गेला आणि त्याच्या वतीने दाई हा प्रतिनिधी काम पाहू लागला, ते बोहरी. दाईची गादी येमेनमध्ये होती, ती सोळाव्या शतकात गुजरातेत आली. या दोन शाखांचे वारस आज एकमेकांपासून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर आहेत.

सकाळी रौदत ताहेरा. ५१ वे दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन (मृत्यू १९६५) आणि ५२ वे सय्यदना मोहम्मद बुरहानुद्दीन (मृत्यू २०१४) यांची ही संगमरवरी समाधी. आतल्या भिंतींवर अख्खं कुराण सोन्यात कोरलेलं आहे. 'बिस्मिल्ला' रत्नांनी जडवलेलं. ते ११३ वेळा येतं, कारण ११४ सूरांपैकी नवव्याची सुरुवात त्याने होत नाही. नजर एका ओळीवर ठेवून भिंतीने चालत गेलं तर मजकूर कुठेही तुटत नाही, हे त्या गर्दीतही जाणवतं. बाहेरच्या पाहुण्यांना सहसा आत सोडतात, पण दारावर विचारूनच जावं आणि फोन खिशात ठेवावा.

बोहऱ्यांचं पंचांग गणिती आहे. महिने ३० आणि २९ दिवसांचे आलटून पालटून, ३० वर्षांच्या चक्रात ११ लीप वर्षं. चंद्र दिसण्याची वाट पाहत नाहीत, म्हणून त्यांचा रमजान नेहमी ३० दिवसांचा असतो आणि सहसा बाकीच्यांच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतो. ईदच्या बेताने भेंडी बाजारात यायचं असेल तर हा हिशेब लक्षात ठेवावा, नाहीतर कॅलेंडरवरच्या ईदला पोहोचल्यावर इथली ईद होऊन गेलेली असते. पुरुषांची सोनेरी काठाची पांढरी टोपी आणि बायकांचा रंगीत रिदा हा ओळखीचा पेहराव. जेवण थाळात: एका मोठ्या थाळाभोवती आठ जण, सुरुवात चिमूटभर मिठाने, मग गोड आणि तिखट आळीपाळीने. भाषा लिसान-उद-दावत, म्हणजे अरबी लिपीत लिहिलेली, अरबी शब्दांनी भरलेली गुजराती.

वयात आल्यावर प्रत्येक बोहरी दाईशी निष्ठेचा मिसाक करतो. म्हणून दाई कोण, हा प्रश्न इथे केवळ मानाचा राहत नाही. २०१४ मध्ये गादीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल २०२४ मध्ये निकाल ५३ वे दाई सय्यदना मुफद्दल सैफुद्दीन यांच्या बाजूने लागला. असा फाटा सोळाव्या शतकाच्या अखेरीसही पडला होता. दाऊदी आणि सुलेमानी बोहरी तेव्हा वेगळे झाले. काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी सुलेमानी होते. या विषयावर भेंडी बाजारातल्या दुकानदाराशी चर्चा काढू नये; उत्तर मिळत नाही आणि चहाही थंड होतो.

दुपारी माझगावला हसनाबाद. पहिले आगाखान हसन अली शाह इराण सोडून हिंदुस्थानात आले, मुंबईत स्थिरावले आणि १८८१ मध्ये वारले. घुमटाखाली त्यांची कबर आहे. निजारी इस्माईलींचा इमाम दृष्टीआड नाही, हयात आणि हजर आहे. चौथे आगाखान फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले आणि रहीम आगाखान पन्नासावे इमाम झाले. हजर इमाम काळाप्रमाणे आचार बदलू शकतो, म्हणून खोज्यांची रीत बाकी सगळ्यांहून वेगळी दिसते: जमातखाना या प्रार्थनागृहात तीन वेळा दुआ, बायका-पुरुष एकाच दालनात, आणि गुजराती-सिंधीतली गिनानं, म्हणजे भक्तिगीतं, ज्यांत विष्णूचा दहावा अवतार आणि अली यांची सांगड घातलेली आढळते. प्रार्थनेच्या वेळी जमातखान्यात बाहेरच्यांना प्रवेश नाही. डोंगरीतला दरखाना जमातखाना त्यामुळे बाहेरूनच, त्याच्या घड्याळाच्या मनोऱ्यासकट पाहावा.

खोजे नक्की कोण, हे ठरवलं मुंबईच्या एका न्यायाधीशाने. आगाखानांना वर्गणी द्यायची की नाही यावरून जमात फुटली. विरोधक म्हणाले, आम्ही सुन्नी. १८६६ च्या 'आगाखान खटल्या'त सर जोसेफ आर्नोल्ड यांनी फातिमींपासूनचा इतिहास तपासून निकाल दिला की खोजे शिया इस्माईली आहेत आणि आगाखान त्यांचे इमाम. विरोधक सुन्नी खोजे म्हणून बाहेर पडले. पुढे आणखी एक गट इस्ना अशरी झाला. म्हणूनच नुसतं 'खोजा' म्हटल्याने पंथ कळत नाही. मोहम्मद अली जिना इस्माईली खोजा घरात जन्मले आणि नंतर इस्ना अशरी झाले. त्यांच्या पत्नी रत्तीबाईंची १९२९ ची कबर माझगावच्याच इस्ना अशरी खोजा कबरस्तानात आहे. पुण्याचा आगाखान पॅलेस पाहिलेल्यांनी एवढं जोडून घ्यावं: तो १८९२ मध्ये तिसऱ्या आगाखानांनी बांधला.

दोन शाखा या सफरीत भेटत नाहीत. जैदी शिया येमेनमध्ये, आणि शिया-सुन्नी दोन्ही नसलेले इबादी मुख्यतः ओमानमध्ये.

दिवस चौथा: हाजी अली आणि माहीम

हाजी अलीला जाण्याआधी भरतीचं वेळापत्रक पाहावं. किनाऱ्यापासून दर्ग्यापर्यंतची सुमारे अर्धा किलोमीटरची वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईत भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे त्या दिवसांत सकाळी दहापर्यंत परतलेलं बरं. अष्टमीच्या सुमारास दुपारी ओहोटी मिळते. गुरुवारी आणि शुक्रवारी गर्दी दुप्पट.

सूफी हा वेगळा पंथ असल्याचं इथे अनेक जण सांगतील. तसं नाही. चिश्ती, कादरी, नक्शबंदी हे सिलसिले, म्हणजे गुरुपरंपरा आहेत. त्यांतले बहुतेक लोक कायद्याने सुन्नीच. दर्ग्यावर फूल-चादर घेऊन आलेला माणूस बरेलवी असेल, शिया असेल, हिंदूही असेल. देवबंदी आलाच तर फातिहा पढून निघेल, नवस बोलणार नाही. अहले हदीस बहुधा येणारच नाही. २०१२ च्या सुमारास इथे बायकांना मजारीपर्यंत जायला बंदी झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ती उठवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून बायका पुन्हा आत जाऊ लागल्या.

संध्याकाळी माहीम. मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) यांचा दर्गा म्हणजे सूफी आणि कायदेपंडित हे दोन वेगळे प्राणी असतात या समजुतीवर उत्तम उतारा: हे शाफई फकीह होते आणि त्यांनी अरबीत कुराणावर भाष्य लिहिलं. डिसेंबरातल्या जत्रेत मानाचा संदल (चंदनलेपाची मिरवणूक) मुंबई पोलिसांचा असतो. बुधवारी मात्र इकडे येऊ नये. जवळच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेना ही प्रार्थना असते आणि माहीम स्टेशनपासून चर्चपर्यंत रस्ता माणसांनी भरलेला असतो.